शेवटाला शिव्या घालणारी फुई

दुपारी दोन ते चार या वेळात लोणखेड्याच्या रंजनाबाईंच्या घरी जाऊ नये. गेलंच तर ओट्यावर बसावं आणि तोंड बंद ठेवावं. आत मालिका चालू असते, आणि तिचा शेवटचा भाग असेल तर शिव्या चालू असतात.

रंजनाबाईंनी एकतीस वर्षं अंगणवाडी चालवली. तपासणीला आलेल्या साहेबांना त्यांनी पोरांची खिचडी खायला लावली होती, ती पुरती संपेपर्यंत उठू दिलं नव्हतं. अशी बाई तीन वर्षांपूर्वी सेवानिवृत्त होऊन घरी बसली, तेव्हा नवरा हेमकांतराव घाबरले. भाचा भूपेश मदतीला धावून आला. भूपेश म्हणजे ब्राह्मणपुरीच्या थोरल्या भावाचा, गिरधरभाऊंचा, एकुलता एक मुलगा. शहाद्यात ठिबक सिंचनाच्या कंपनीत नोकरीला. त्याने फुईच्या, म्हणजे आत्याच्या, टीव्हीला इंटरनेट जोडून दिलं आणि थायलंड, कोरिया, तैवान इकडच्या, हिंदीत बोलणाऱ्या मालिका लावून दिल्या. दोन तरुण मुलांच्या प्रेमाच्या.

पहिल्या दोन भागांत रंजनाबाईंना वाटलं, मित्र असतील. तिसऱ्या भागात एकाने दुसऱ्याचा हात धरला आणि सोडलाच नाही, तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाल्या, "बरं, आसं शे का," आणि चौथा भाग लावला. भूपेश शेजारी बसून त्यांच्या तोंडाकडे बघत होता. आपल्या तोंडाकडे एवढं बघण्यासारखं काय आहे, हे काही त्यांनी विचारलं नाही.

प्रेमाबद्दल त्यांची तक्रार नव्हती. तक्रार शेवटाबद्दल होती. अकरा भाग दोघं एकमेकांसाठी झुरणार, बापाचा मार खाणार, पावसात भिजून तापाने फणफणणार, आणि बाराव्या भागात काय, तर ट्रक. "त्या देशमातला ट्रकवाला काय डोया झाकी गाड्या चालाडतस?" रंजनाबाई ओरडत. कधी ट्रक नसला तर कॅन्सर, तोही आदल्या भागापर्यंत ठणठणीत असलेल्याला. आणि जिथे कोणी मरत नसे तिथे दोघं समुद्रावर उभे राहत, एक जण हसत असे, आभाळ दिसे आणि नावं सरकायला लागत. पुढे काय झालं ते आभाळाला ठाऊक. माणसाला पंगतीत बसवायचं, वरण-बट्टी वाढायची, आणि पहिला घास तोंडाशी नेताना पत्रावळच ओढून घ्यायची, असा हा प्रकार. लिहिणाऱ्यांना लाज नाही, दाखवणाऱ्यांना नाही.

"तुम्हनं वाटोळं व्हवो!" शेवटी त्या पडद्यालाच सांगत.

"अवं, हळू. गल्ली आयकी ऱ्हायनी," हेमकांतराव म्हणत.

"आयकू द्या. मी काय खोटं सांगस का?"

सगळ्यांत जास्त संताप त्यांना एका मालिकेने आणला होता. तिच्यात एक सतार का कसलंसं वाद्य वाजवणारा पोरगा लष्करात जातो आणि पाच वर्षांनी आपल्या मित्राला घरी जेवायला बोलावतो. घरात बायको. ती ट्रेमध्ये पाणी घेऊन येते, "बसा ना" म्हणते आणि आत निघून जाते. संपली मालिका. दोघं मित्र डोळ्यांत पाणी आणून एकमेकांकडे बघतात ते वेगळंच. रंजनाबाईंना त्या दोघांपेक्षा तिचाच कळवळा आला. मेल्यांनी तिला नावसुद्धा दिलं नव्हतं. तिला कोणी सांगितलं होतं का, की तू कोणाच्या घरात आलीस? दोन दिवस त्या हेच बोलत होत्या. भूपेश ऐकत होता, आणि एरवी हसणारा तो पोरगा तेव्हा हसला नाही.

दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं म्हणतात ते उगाच नाही. यंदा गिरधरभाऊंनी निरोप धाडला, की भूपेशला एकोणतिसावं लागलं, आता पोरगी बघ. त्या घरात पहिलं कुंकू लावायचा मान फुईचा. फुईचं बोट टेकलं की सोयरिक पक्की, मग बापालाही मोडता येत नाही. रंजनाबाईंना मान म्हटलं की दहा हात बळ येई. आठ दिवसांत त्यांनी धानोऱ्याची स्वप्नाली शोधून काढली. घर चांगलं, पोरगी शिकलेली. भूपेशला काय वाटतं, हे विचारायची गरज त्यांना वाटली नाही. लोणच्याच्या कैरीला कोणी विचारतं का?

भूपेशला फक्त बातमी सांगितली. तो हातातली मोटारसायकलची किल्ली फिरवायला लागला.

"फुई, त्या मालिकास्ना शेवट तुले आवडस का?"

"आवडस? थू त्यासना तोंडवर!"

"मंग?" एवढंच म्हणून तो निघून गेला.

रंजनाबाईंना वाटलं, पोरगं लाजलं.

गुरुवारी दोन गाड्या धानोऱ्याला गेल्या. बैठकीत सतरंज्या घातलेल्या, पाहुणे पागोटी सावरून बसलेले. भूपेश कोपऱ्यात, मान खाली. रंजनाबाईंच्या हातात कुंकवाचं ताट. आतून आवाज आला, "स्वप्नाली, पाव्हण्यास्ले पानी दे." पोरगी आली. हातात ट्रे. ग्लास पुढे करून हळूच म्हणाली, "घ्या ना."

रंजनाबाईंनी ग्लास घेतला, आणि त्यांना मालिकेतली ती बिननावाची बायको आठवली. त्यांनी कोपऱ्याकडे पाहिलं. भूपेशने मान वर केली होती आणि तो पोरीकडे नाही, त्यांच्याकडे बघत होता. तीन वर्षं सुट्टीच्या दुपारी जसा बघायचा तसा. तीन वर्षं पोरगं सांगत होतं! ज्या तोंडाने आपण परदेशातल्या लिहिणाऱ्यांना शिव्या घातल्या, त्याच तोंडाने आपण हे स्थळ आणलं. त्या लिहिणाऱ्यांनी निदान खोट्या माणसांचं वाटोळं केलं होतं. रंजनाबाईंना स्वतःची किळस आली.

"लाव ना कुंकू," गिरधरभाऊ म्हणाले.

एक वाट सोपी होती. सुतक पडलं म्हणायचं, महिनाभर पुढे ढकलायचं, मग बघू. पण असले अर्धवट सोडलेले शेवट तर त्यांच्या सर्वांत नावडीचे. त्यांनी ताट खाली ठेवलं आणि त्या स्वप्नालीकडे वळल्या.

"बेटा, तुले हाई लगीन करनं शे का?"

बैठकीत हसू पिकलं. पोरगी गोंधळली. "घरना म्हनतीन ते," ती म्हणाली.

"घरनासले काही ठाऊक नही." रंजनाबाई उभ्या राहिल्या. "पाव्हणे, आयका. हाई सोयरिक व्हवाव नही. पोरमा काहीच खोट नही, पोर सोनानी शे. खोट मन्ही शे. मीच घाई कयी. गावमा कोनी इचारं, तर सांगज्यात, फुई याडी व्हती."

काय खोट, ते त्यांनी सांगितलं नाही. ते गुपित भूपेशचं होतं, त्यांनी सांगायचं नव्हतंच. पाहुण्यांनी विचारून पाहिलं, दरडावून पाहिलं. अख्खी बैठक त्यांना वेड्यात काढत होती आणि कधी नव्हे ते त्या गप्प राहून ऐकून घेत होत्या. पोरीने मात्र आत जाताना वळून त्यांच्याकडे एकदा पाहिलं.

गाडीपाशी गिरधरभाऊंनी त्यांना गाठलं. "रंजना, चारचौघात मन्हं नाक कापं. आजपाईन तुन्हं माहेर बंद. आखाजीले येवानं नही."

आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, माहेरी जायचं नाही, म्हणजे खानदेशातल्या बाईचं वर्ष रितं. एकसष्ट वर्षांत रंजनाबाईंची एकही आखाजी चुकली नव्हती. यंदा चुकली. त्यांनी सकाळी एकट्यानेच पुरण वाटलं आणि पाट्यावर रडू आलं तसं रडूनही घेतलं. वहिनीने, शोभाबाईने, फोनसुद्धा केला नाही.

बारा वाजता भूपेश आला. मागे एक जण. हा पवन, प्रकाशा गावचा, विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करतो, असं भूपेशने सांगितलं आणि खाली बघत उभा राहिला. रंजनाबाईंनी पवनला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. मालिकेतली पोरं कशी दुधात धुतलेली. हा काळाढुस्स, पोट सुटलेलं, केस मागे सरकायला लागलेले, नखांत ग्रीस. एवढ्यासाठी धानोऱ्याची पोरगी हातची गेली!

"शेती कितली?" त्यांनी विचारलं.

"शेती नही, फुई. दुकान शे."

"दारू?"

"नही."

"हात धुई ये. ते ग्रीस मन्हा पुरणले लागाले नको."

तिघा पुरुषांना त्यांनी पोटभर वाढलं. हेमकांतराव एकदा भूपेशकडे, एकदा पवनकडे बघत मुकाट्याने आमरस पीत होते. त्यांना काय कळलं आणि काय नाही, देव जाणे. भूपेशचा घास मात्र हातातच राहिला.

"फुई, दादाले कोन सांगी?" त्याने विचारलं. बापाला तो दादा म्हणे.

रंजनाबाईंनी त्याच्या पानात आणखी एक पोळी टाकली.

"मी सांगसु. मन्हं माहेर तसंबी बंदच शे. आते मले कसानं भेव?"