चांदनी चौकात बाबा उतरले

आमच्याकडे कुणी भुताखेतांच्या गोष्टी काढल्या की मी उठून चहा टाकायला जाते. खरंच! असल्या गोष्टींवर कधी विश्वास ठेवला नाही, आताही ठेवायची इच्छा नाही... पण जे झालं ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला स्वस्थ बसवत नाही, म्हणून इथे लिहितेय. हसायचं तर हसा.

मी सेंट्रल गव्हर्नमेंटमध्ये नोकरीला. लक्ष्मीबाई नगरच्या क्वार्टरमध्ये मी आणि बाबा, दोघंच. बाबांनी ऐंशी ओलांडली. जन्म, शाळा, सगळं दिल्लीतलंच – आजोबा रेल्वेत होते, घर सब्जीमंडीला. गेली दोन वर्षं बाबा विसरायला लागलेत. संध्याकाळ झाली की पिशवी घेऊन दाराशी उभे. "घरी जातो." अहो, हेच घर! पण ऐकतील तर शपथ. रोज तेच, रोज माझी चिडचिड, आणि मग रोज माझंच रडू.

एका विषयावर मात्र ते स्वच्छ बोलायचे – ट्राम. जुन्या दिल्लीत ट्राम धावायची, हे तुमच्यातल्या किती जणांना माहीत आहे? मलाही बाबांच्या तोंडून ऐकलं तेवढंच. म्हटलं, चलो, हेच शिकू, निदान बाप-लेकीला बोलायला काहीतरी. आणि मला छंदच लागला! ट्रामवेड्या लोकांच्या एका ऑनलाइन ग्रुपमध्ये शिरले. ड्रायव्हर घंटा पायाने वाजवतो, हे तिथे कळलं. शेवटच्या स्टॉपला ट्राम वळत नाही, ड्रायव्हरच चालत दुसऱ्या टोकाला जातो, हेही. "नवशिक्याने आधी आपल्या शहरात मान वर करून फिरावं," असा सल्ला मिळाला. विजेची तार ताणून धरायला तेव्हा रस्त्यालगतच्या भिंतींत लोखंडी कड्या ठोकायचे, त्या अजून कुठे कुठे सापडतात म्हणे. झालं! एका शनिवारी बाबांना घेऊन मेट्रोने चांदनी चौक गाठला – कड्या शोधायला.

भर दुपार. फतेहपुरी मशिदीच्या थोडं अलीकडे बाबांना बाकावर बसवलं आणि समोरच्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर मला एक गंजकी कडी दिसली. काय आनंद झाला सांगू! मोबाइल झूम करत उभी राहिले... मान खाली केली तर बाक रिकामा. काठी तशीच टेकलेली. बाबांचे गुडघे असे की काठीशिवाय बाकावरून उठणंही कठीण.

"बाबा! बाबा!" करत मी वेड्यासारखी दोन्हीकडे धावले. एक साडीवाला म्हणाला, "मैडम, नाम लेकर बुलाइए. यहाँ तो सब बाबा हैं." बापाला नावाने कशी हाक मारायची हो? जन्मात मारली नव्हती. तरी मारली. "वसंत! वसंत!" काही नाही. मग लक्षात आलं, हल्ली ते स्वतःच्या नावालाही ओ देत नाहीत. आजी त्यांना बंडू म्हणायची. ती जाऊन जमाना झाला. लाजलज्जा सोडून रस्त्याच्या मधोमध उभी राहिले आणि बेंबीच्या देठापासून ओरडले, "बंडूऽऽ! इकडे ये!"

आणि घंटा वाजली. ठणठण... ठणठण... जड, लोखंडी, अगदी जमिनीलगत. रिक्षाची बिल्कुल नव्हे. मी आपोआप बाजूला झाले. आणि माझ्यासारखेच सगळे सरकत होते! हमाल, पिशव्या घेतलेल्या बायका, सायकलरिक्षा – रस्त्याच्या मधला एक सरळ पट्टा रिकामा होत गेला, आणि आपण का सरकलो हे एकानेही वळून पाहिलं नाही.

त्या पट्ट्यात बाबा होते. एक हात वर, काहीतरी घट्ट धरल्यासारखा. पाय जमिनीवर नव्हते – वीतभर वर होते. त्यांनी हात सोडला, एक पाय खाली टेकवला, मग दुसरा. अगदी आरामात, गुडघे दुखतच नसल्यासारखे. पुढच्या क्षणी गर्दी पुन्हा मिसळली.

मी धावत जाऊन मिठीच मारली. "कुठे गेला होतात? जीव गेला असता माझा!"

बाबा वैतागले होते. "सब्जीमंडीला चाललो होतो. छान बसायला जागा मिळाली होती. आईने हाक मारली, म्हणून उतरलो."

माझा धाकटा भाऊ फरिदाबादला असतो. तो म्हणतो, "ताई, यार, कुणीतरी रिक्षात बसवलं असेल आणि तू ओरडलीस म्हणून सोडलं. टेन्शनमध्ये माणसाला काहीही दिसतं." डॉक्टरही तेच म्हणाले, फक्त इंग्रजीत. अच्छा, मान्य. पण तो मोकळा पट्टा? ती वीतभर उंची? ग्रुपवर विचारायची हिंमत होत नाही.

खरं सांगू? मला छळतं ते हे नाहीच. दोन वर्षं तो माणूस रोज घरी जायला निघत होता. त्या दुपारी एकदाचा निघाला... आणि मी हाक मारली. मी बरं केलं की वाईट, हेच मला कळत नाही.

आता संध्याकाळी बाबा दाराकडे जात नाहीत. स्वयंपाकघरात माझ्यापाशी येऊन उभे राहतात आणि हळूच विचारतात, "आई, आता जाऊ?"

"जेवून जा," मी म्हणते.