डॉक्टरबाईंची एक अट

केसांच्या चौकशीचा तो अर्ज मी अजून विसरलेलो नाही. नोकरीत चोऱ्या, मारामाऱ्या, बांधाचे तंटे पुष्कळ हाताळले. माणसाच्या डोक्यावरच्या केसांनी मात्र मला एकदाच कामाला लावले. तेव्हा मी जळगाव शहरातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. माझ्या स्वतःच्या डोक्यावर कंगवा फिरवण्यासारखे काही उरले नव्हते, त्यामुळे तो अर्ज माझ्या टेबलावर आला तेव्हा ठाणे अंमलदार गालातल्या गालात हसत होता. मीही हसलो. पुढे हसू मावळले.

सकाळची हजेरी नुकतीच आटोपली होती. एरंडोलकडच्या एका खेड्यातले साठी उलटलेले शेतकरी समोर येऊन बसले. पांढरा सदरा, पांढरी टोपी, आवाज खणखणीत. सगळे त्यांना नाना म्हणत. बरोबर त्यांचा तेहतीस-चौतीस वर्षांचा मुलगा होता. त्याच्या कपाळावर केसांचा दाट पट्टा होता आणि त्या पट्ट्याच्या मागे डोके साफ गुळगुळीत. शेताच्या बांधावर तेवढे गवत राहावे आणि आत रान मोकळे, असा तो प्रकार होता.

"साहेब, मन्हा पोऱ्यानं डोकं नासाडी टाकं," नाना म्हणाले. "जल्मभर टिकतीन म्हणे! बाजारमा लोके हसतस त्याले."

दहा वर्षांपूर्वी शहरातल्या एका डॉक्टरबाईंनी केसरोपण केले, आयुष्यभराची खात्री दिली आणि फसवले, असे अर्जात लिहिले होते. डॉक्टरवर हलगर्जीपणाचा आरोप असला की लगेच गुन्हा दाखल करायचा नसतो, आधी सरकारी तज्ज्ञांचा अभिप्राय मागवावा लागतो. नानांना हे समजावले. पण त्यांना दम कुठला! दोन दिवसांत मुलाच्या डोक्याचा फोटो बाईंच्या दवाखान्याच्या नावासकट एका स्थानिक पेपरात झळकला.

एक गोष्ट मला पहिल्या दिवसापासून खटकत होती. केस मुलाचे गेले होते आणि बोलत होता फक्त बाप. ज्याचे खरेच नुकसान झाले आहे तो माणूस मध्ये तोंड घातल्याशिवाय राहत नाही. हा आपला फरशीकडे पाहत बसलेला.

खबर मिळाली ती अगदी अनपेक्षित ठिकाणी. ठाण्याजवळच्या सलूनमध्ये मी दाढी करायला जात असे. तिथले चाचा चाळीस वर्षे वस्तरा चालवणारे. गालाला साबण लावता लावता ते म्हणाले, "साहेब, पेपरमधी जो फोटो आला ना, ते काम बाईचं नाय."

"तुम्हाला काय माहीत?"

"बाईकडनं आलेली किती डोकी मी कापतो. बाई पुढं एकेक बाल लावते, मागंपुढं, अल्लाने दिल्यासारखी. हे तर फूटपट्टी ठेवून लावलंय. आणि इतकं खाली? भुवयांच्या डोक्यावर? ती बाई कधीच नाय लावणार."

शिंपी दुसऱ्याची शिवण ओळखतो, तसे हे होते. मी अर्धवट दाढीनेच उठणार होतो, चाचांनी खांदा दाबून बसवले.

त्याच दुपारी दवाखान्यात गेलो. बाई मूळच्या धुळ्याच्या, पन्नाशीच्या, बोलायला रोखठोक. बाहेरचा बाक रिकामा होता. बातमी आल्यापासून ठरलेल्या पाच जणांनी फोन करून ऑपरेशन रद्द केले होते. "वीस वर्षं लागली हो हे नाव व्हायला," त्या म्हणाल्या. मग उठून जुन्या वह्यांचा गठ्ठा त्यांनीच माझ्यासमोर आपटला.

ऑपरेशनच्या नोंदींत मुलाचे नाव नव्हते. तपासणीच्या वहीत मात्र एक ओळ सापडली: वय तेवीस, वडिलांचे केस दाट असल्याचे सांगतो, वडिलांना घेऊन येण्यास सांगितले. पुढे काहीच नाही.

"वडील कशाला?" मी विचारले.

"ती माझी अट आहे. टक्कल घराण्यातून उतरतं. पंचविशीच्या आतल्या मुलाच्या बापाचं किंवा मामाचं उघडं डोकं पाहिल्याशिवाय मी कपाळावर केसांची रेघ आखत नाही. साहेब, आम्ही केस नवे तयार करत नाही, मागचे पुढे आणतो. मागचे केस चिवट असतात, ते बहुतेक टिकतात. पण त्यांच्या शेजारचे मूळचे केस गळायचे ते गळतच राहतात. मागचा साठा संपला की संपला. तेवीस वर्षांच्या पोराला नटासारखी कपाळावर महिरप हवी असते. मला त्याच्या पन्नाशीतल्या चेहऱ्याचा विचार करावा लागतो. म्हणून पुष्कळांना मी परत पाठवते. काही रागावून जातात."

येणाऱ्या गिऱ्हाइकाला परत पाठवणारा माणूस मी आमच्या भागात क्वचितच पाहिला आहे. मनातल्या मनात मी त्या बाईंना सलाम ठोकला. निघताना ऑपरेशनच्या दिवसाची सगळी पद्धत मात्र विचारून घेतली.

दुसऱ्या दिवशी मुलाला एकट्यालाच बोलावले. चहा मागवला. दरडावणी वगैरे काही नाही.

"ऑपरेशन किती वेळ चाललं?"

"दिवसभर, साहेब."

"मग दुपारी जेवायला काय होतं?"

तो गोंधळला. "उपाशीच ठेवलं होतं."

बाई प्रत्येक पेशंटला दुपारी थांबवून घरून आलेला वरणभात खाऊ घालत. ज्याला तो मिळाला तो विसरणे शक्य नव्हते. मी वहीतली ओळ त्याच्यासमोर ठेवली आणि विचारले, "नानांना का नाही नेलंस?"

त्याने ती ओळ बोट ठेवून दोनदा वाचली. मग एकदम त्याचा बांध फुटला. "साहेब, बाईनी मन्हं ऑपरेशन करंच नही. नानाले टोपी काढा म्हणू कसं? मीच त्यासनं उघडं डोकं कधी दखं नही!"

खरी गोष्ट अशी होती. स्वतःच्या लग्नाच्या गडबडीत त्याने परजिल्ह्यातल्या एका फ्लॅटमध्ये थाटलेल्या केंद्रात काम उरकून घेतले होते. तिथे कोणी काही विचारले नाही, म्हणेल तिथे रेघ मारून दिली. तो फ्लॅट केव्हाच बंद झाला. घरी मात्र त्याने नावाजलेल्या बाईंचे नाव सांगितले होते. दहा वर्षांनी बापाने हाताला धरून ठाण्यात आणले, तेव्हा खोटे मागे घेण्याचे त्याला धाडस झाले नाही.

नाना बाहेर बसले होते. त्यांना आत घेऊन मुलालाच सांगायला लावले. नानांनी सगळे ऐकले. मला वाटले, आता कानफटात बसणार. त्यांनी दोन्ही हातांनी टोपी काढली आणि माझ्या टेबलावर ठेवली. डोके माझ्यापेक्षाही स्वच्छ होते.

"इतलंच व्हतं, तं माले सांगनं व्हतं ना भाऊ," ते मुलाला म्हणाले. मला फाईल चाळल्याचे सोंग करावे लागले.

खोट्या अर्जाबद्दल कारवाई करता आली असती. बाईंना विचारले तर त्या म्हणाल्या, "नको. त्याचं डोकं रोज आरशात त्याला शिक्षा देतंय." उलट त्याला तपासून त्यांनी खरे ते सांगितले: मागे केस थोडे उरले आहेत, त्यातून विरळ भर घालता येईल, दिसायचे ते वर्षभराने दिसेल, आणि पुढचा पट्टा पूर्ण लपणार नाही. हे पटले तर ये, नाहीतर डोके बारीक ठेव, तेही शोभते. ज्याच्यामुळे दवाखाना ओस पडला त्यालाही त्यांनी वाढवून काही सांगितले नाही आणि घाबरवलेही नाही. या बाईंबद्दल मला वाटणारा आदर तिथे दुप्पट झाला.

आठवड्याने अर्ज निकाली काढल्याचे पत्र द्यायला मी स्वतः दवाखान्यात गेलो. पेपरने खुलासा छापला होता, पण चार ओळींचा, आतल्या पानावर. बाहेरच्या बाकावर नाना बसले होते. रोज सकाळच्या एसटीने येत होते म्हणे. दारात कोणी आले की उठून सांगायचे, "मन्हा पोऱ्या खोटं बोलना. बाई खरी शे. तुम्ही जा आतमा." बाईंनी हात जोडून विनवले तरी हलायला तयार नव्हते.

मी उभा असतानाच मुलगा आला. बहुधा बापाला न्यायला आला असावा. समोर एक कॉलेजातला मुलगा आईबरोबर चपला काढत होता आणि नाना उठू लागले होते. मुलाने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"नाना, तुम्ही बसा. आते मी सांगस."

आणि त्या अनोळखी मायलेकांपुढे त्याने आपले डोके वाकवून दाखवले आणि पहिल्यापासून सगळे सांगितले, एक शब्द न लपवता.

जबाब घेण्यात माझी हयात गेली. दार लावून, समोर बसवून, प्रश्नांत अडकवून माणसाकडून खरे काढता येते, याचा मला अभिमान होता. उघड्या दारात, कोणी न विचारता, स्वतःच्या तोंडाने दिलेला कबुलीजबाब मात्र मी तेवढा एकच ऐकला, आणि तो लिहून घेण्याची गरज नव्हती.