भोंगेमामांचा शब्द

ज्या नाटकाची तालीम पाहिली नाही, त्याची जाहिरात भोंगेमामा करत नसत. रिक्षावर भोंगा बांधून ते आमच्या कोंढा गावच्या गल्ल्यांतून फिरायचे. नाटक बेताचं असलं तर फार तर म्हणायचे, "पडदे नवे आहेत." ऐकणाऱ्याने काय ते समजून घ्यायचं.

भोंगा, बॅटरी, रिक्षा, सगळं भंडाऱ्याच्या एका टीव्हीच्या दुकानदाराचं होतं. त्या वर्षी त्याने टीव्हीला जोडायचा घरगुती कॉम्प्युटर आणला आणि मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या नाटकांच्या जत्रेच्या, आधी मामांच्या हाती मजकूर दिला : "ज्या घरी कॉम्प्युटर नाही, त्या घरचं लेकरू मागे राहील." मामा तो खालमानेने वाचायचे. कुणी विचारलं, तर म्हणायचे, "मंडईत दाखवणार आहेत म्हणे."

आमच्या आईची मात्र झोप उडाली. बाबा गेल्यावर ती शिवणकामावर घर चालवत होती. मी मागे राहीन या धास्तीने तिने अडीनडीला राखलेली सोन्याची एकदाणी मोडायचं ठरवलं.

मंडईच्या दुपारी लोक सतरंज्या घेऊन आले. मामांनी बोलावलं म्हणजे नाटकच असणार, अशी सगळ्यांची समजूत. कॉम्प्युटरचा प्रोग्राम कॅसेटवरून चढवायचा होता; टेपरेकॉर्डरमधून कर्कश किरकिर निघाली, टीव्हीवर पट्टे धावले आणि थांबले. पुन्हा कॅसेट लावली, पुन्हा पट्टेच. दुकानदार घाम पुसत म्हणाला, "बोलत राहा ना बे." मामांनी तेच वाक्य म्हटलं. तेव्हा आई उठली. एकदाणी तिच्या पदरात बांधलेली होती.

"भाऊ, तुमच्या नातवासाठी घेसान का तुमी?"

मामांनी दुकानदाराकडे पाहिलं. त्यांच्या पोटावर पाय येणार, हे साऱ्या मंडईला दिसत होतं. ते हो म्हणोत, असं मला मनापासून वाटत होतं. मला तो कॉम्प्युटर हवाच होता.

"नाई, बाई," भोंग्यातून आवाज आला. "याले चालताना मी अजून पाहिलंच नाई. अन् लेकरू मागं राहीन, हे मले लिहून देल्लं होतं. तो दागिना गळ्यात घाल."

दुकानदाराने तिथेच माईक हिसकावून घेतला. कितीतरी दिवस मी मामांवर चिडून होतो.

पुढच्या मंडईला भोंगा दुसऱ्याच्या हाती होता. आवाज मामांपेक्षा खणखणीत. मामा धान कापायला मजुरीने जात. नाटकाची जाहिरात गल्लीतून गेली, तशी आई चपला घालून मामांकडे निघाली. मीही मागोमाग गेलो. मामा घरी नव्हते. तालीम पाहायला पायी गेले होते, कुणी सांगितलं नसताना. त्यांच्या ओट्यावर अर्धी गल्ली वाट पाहत बसली होती.