जहाजाच्या इतिहासातून गाळलेला रहीम

नागपूर स्टेशनावर बाबांनी माझी ट्रंक डब्यात चढवली आणि खिडकीशी उभं राहून विचारलं, "समुद्र पाह्यला नाही तू कधी, अन् जहाजावर चालला. काहून गा?" उत्तर त्यांना ठाऊक होतं. घरातले दोन्ही हातमाग बंद पडले होते. साठच्या दशकात आम्हा विणकरांच्या पोरांनी मिळेल ते काम धरलं. मुंबईच्या एका एजंटनं मला युरोपातल्या प्रवासी जहाजावर लाँड्रीत लावून दिलं.

जहाज पांढरंशुभ्र होतं. दोन बंदरांमध्ये रोज ये-जा करायचं. पोटात मोटारी, वर केबिनी, नाचघर, सुट्टीवर निघालेली माणसं. मोटारींच्याही खाली आम्ही त्यांच्या चादरी धुवायचो. दोन वर्षांनी मी कामठीच्या रहीमला बोलावून घेतलं. तो माझा शाळेपासूनचा दोस्त, पॉवरलूमवर राबत होता. "ये, इथं माणसासारखं राहता येतं," असं मीच लिहिलं. तेव्हा मला ते खरं वाटत होतं.

मग जहाज नव्या मालकाकडे गेलं. नवं नाव, नवे गालिचे, जुगाराची टेबलं. आमचे घामट कपडे पाहुण्यांना दिसू नयेत म्हणून लाँड्रीच्या जिन्याचं दार बाहेरून कुलूपबंद राहू लागलं. चावी केबिनींची देखरेख करणाऱ्या स्टुअर्डकडे. रहीम म्हणाला, "यार वसंता, हे आपल्याले कोंबड्यावानी कोंडून राहिले." मी हसण्यावारी नेलं.

एका दुपारी लाँड्रीत आग लागली. खाली रहीम एकटा होता. मी वर टॉवेल वाटत होतो. धावत आलो तर दाराला कुलूप आणि स्टुअर्ड जेवायला गेलेला. पलीकडून रहीम थापा मारत होता. "वसंता, खोल ना बे." मी भिंतीवरचं आग विझवायचं नळकांडं काढून कुलपावर घालत राहिलो. कुलूप तुटायच्या आधी थापा थांबल्या.

चौकशीआधी कंपनीच्या वकिलानं मला बंदरावरच्या ऑफिसात बसवलं. कागद टाइप करून तयार होता: दार उघडं होतं, मयतानं ते वापरलं नाही. सही केली नाहीस तर उद्याच परत पाठवू, असं तो अगदी नम्रपणे म्हणाला. त्याच्यासमोर कॉफी होती, माझ्यासमोरही ठेवली होती. मी सही केली.

रहीमच्या सामानाची पेटी घेऊन कामठीला गेलो. त्याच्या अम्मीला मी खाला, म्हणजे मावशी, म्हणायचो. तिनं पेटी उघडली नाही. विचारलं, "दरवाजा खुला था?"

"नहीं, खाला. बाहर से बंद था."

"और कागज पे?"

"खुला था."

ती म्हणाली, "फिर जा, सच बोल के आ."

नागपूरला प्रताप नगरात राहणाऱ्या धाकट्या भावानं समजूत घातली, "दादा, झालं ते झालं. आता काहून उकरून राहिला? नोकरी जाईन ना." मी त्याच्या ताटावरून उठलो.

परत बंदरावर जाऊन मी चौकशी करणाऱ्यांना खरं लिहून दिलं. नोकरी गेली. उत्तर आलं: प्रकरण बंद झालं आहे, जहाजही विकलं गेलं आहे. ते दक्षिणेच्या उबदार समुद्रात तिसऱ्या नावानं फिरत होतं. नव्या मालकाला लिहिलं; तो म्हणाला, आधीच्या काळाशी आमचा संबंध नाही. रंग दिला की जहाज निर्दोष होतं. मी त्याच बंदरात, इस्पितळाच्या लाँड्रीत काम धरलं आणि दरवर्षी लिहीत राहिलो.

अलीकडे जहाज भंगारात निघालं. आमच्या बंदरातल्या वर्तमानपत्रानं अर्धं पान छापलं: सगळे मालक, सगळी नावं, सगळे मार्ग, नाचघराचा फोटो. आगीबद्दल एक ओळ होती: 'किरकोळ आग, लगेच आटोक्यात.' रहीमचं वय तेव्हा सव्वीस होतं.

ते पान घेऊन मी यंदा भारतात आलो. हल्ली मी भावाकडे उतरत नाही, तिथं सगळे मला शांत करायला बघतात. कामठीला खालाकडेच उतरतो. तिच्या ओसरीवर मी पान वाचून दाखवलं, प्रत्येक ओळीचा अर्थ सांगितला.

"इसमें रहीम किधर है?" तिनं विचारलं.

"नहीं है."

तिनं कागद माझ्या हातातून घेतला, उलटा करून खाली ठेवला, आणि त्यावर जेवायचं ताट वाढलं. "खा ले. फिर बैठ के तू लिख," ती म्हणाली. माझ्या रागाला जेवू घालणारं एवढं एकच घर मला उरलं आहे. हे तिथंच बसून लिहिलं.