वाकडा कोपरा

आमच्या इन्चार्ज सिस्टरना कोरोना होईल असं वॉर्डात कुणालाच वाटलं नव्हतं. त्याची हिंमतच कशी होईल, असा आमचा साधा हिशोब होता.

हॉस्पिटल मुलुंडला, मी भांडुपची. माहेर-सासर दोन्ही मालवणकडचं, त्यामुळे तोंड गप्प बसत नाही. इन्चार्जबाई घाटकोपरच्या, रिटायरमेंटला टेकलेल्या, आणि त्यांचा जीव चादरीच्या कोपऱ्यात. पलंगाच्या पायथ्याशी चादर पाकिटासारखी दुमडून गादीखाली घट्ट खोचलीच पाहिजे. कोपरा सैल दिसला की त्या अख्खी चादर ओढून काढायच्या आणि सुरू व्हायच्या. मध्ये श्वास घ्यायला थांबतात की नाही, यावर आम्ही चहाची पैज लावायचो. थांबतील म्हणणारी नेहमी हरायची.

साथीत अंगावर पीपीई किट चढलं आणि आम्ही सगळ्या सारख्याच पांढऱ्या पिशव्या दिसायला लागलो. म्हणून पाठीवर मार्करने नाव लिहायची पद्धत पडली. आता आपल्या पाठीवर आपल्याला थोडंच लिहिता येतं? ते मैत्रिणीच्या हातात. माझ्या मैत्रिणीने एकदा खुशाल ‘बांगडा’ लिहिलं, आणि मग रोज तेच लिहायला लागली. राउंडला आलेले नवे डॉक्टर अगदी गंभीरपणे म्हणाले, “बांगडा सिस्टर, यांचा ऑक्सिजन बघा जरा.” तो पेशंट मास्कखाली हसला. इन्चार्जबाई मात्र कडाडल्या, “वॉर्ड आहे की भाऊच्या धक्क्यावरचा मासळीबाजार?”

लोकांना आम्ही देवी वाटायचो. सोसायटीने माझ्यासाठी गॅलरीतून टाळ्या वाजवल्या आणि पाठोपाठ लिफ्ट वापरू नका म्हणून सांगितलं. देवीने जिना चढून यावं, असं त्यांचं म्हणणं असावं. खरं सांगते, आम्हाला भीती वाटायची. खूप वाटायची. रोज कुणीतरी जायचं आणि आम्ही तोच पलंग पुसून पुन्हा चादर घालायचो. अशा वेळी पाठीवरचा बांगडा कामाला यायचा.

आणि मग त्या पलंगावर एक दिवस इन्चार्जबाईच येऊन पडल्या.

नर्सइतका वाईट पेशंट जगात नाही. पहिल्या दिवशी त्या मास्क बाजूला करून स्वतःच सलाईनचा वेग बघत होत्या. पालथं झोपा म्हटलं तर म्हणाल्या, “मला शिकवू नकोस.” आम्हाला बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी मात्र आवाज तुटायला लागला. दोन शब्द, दम. दोन शब्द, दम. आणि एके सकाळी त्या गप्पच झाल्या.

मशीनवरचे आकडे आम्हाला वाचता येत होते, पण त्यावर कुणाचं समाधान होईना. एवढी वर्षं आम्ही त्यांचा श्वास बोलण्यावरून ओळखला होता. मैत्रीण म्हणाली, “त्या ओरडायला हव्यात गं. एकदा नीट ओरडल्या की सुटलो.” त्यांना ओरडायला लावायचा एकच उपाय आम्हाला ठाऊक होता. मी त्यांच्या पायथ्याचा चादरीचा कोपरा मुद्दाम सैल सोडला, लोंबता. हात धजत नव्हता, पण सोडला.

त्यांनी पाहिलं आणि डोळे मिटून घेतले. त्या दिवशी मला डबा गेला नाही.

पुढच्या ड्युटीला मैत्रिणीने कोपरा बिघडवला, मग दुसऱ्या वॉर्डातली एक येऊन बिघडवून गेली. बाईंनी फक्त एक बोट हलवलं. आम्ही त्या बोटावर दिवस काढला. ट्रेनिंगमध्ये रडत रडत शिकलेली गोष्ट आम्ही सगळ्याजणी आता जीव लावून चुकवत होतो.

मग एका सकाळी मी पायथ्याशी वाकून नेहमीचा गबाळेपणा करत होते, आणि मास्कमधून आवाज आला. बारीक, पण सलग.

“ए बांगडा, मी आजारी आहे, आंधळी नाही, चार दिवस बघतेय सगळ्याजणी माझ्या पलंगाची वाट लावताय, तुम्हाला काय मी मेले असं वाटलं की काय?”

कुठे थांबल्या नाहीत. मी ऐकत होते ना, कुठेच थांबल्या नाहीत.

मला रडू फुटलं. किटमध्ये रडणं म्हणजे शिक्षाच, डोळे पुसता येत नाहीत आणि गॉगल आतून धुरकटतो. मला समोरचा पलंगही दिसेना.

“आता रडून काय होणार आहे?” त्या म्हणाल्या. “कोपरा कर नीट.”

मी चादर ओढून काढली, दुमडली आणि गादीखाली खोचली. दिसत काहीच नव्हतं. हाताने चाचपून पाहिलं, तर कोपरा घट्ट बसला होता.