डोंगर आणि योस

लेइस्केन आमच्या शेजारची. आमच्या हूल्बेक गावात शाई करणारी ती एकटीच. ओकच्या झाडांवरची मायफळं गोळा करून कुटायची, पावसाच्या पाण्यात भिजत घालायची, मग त्यात हिराकस आणि डिंक. नवरा योस नदीत बुडाला, पण प्रेत मिळालं नाही. म्हणून तीन वर्षं झाली तरी ही विधवेचा रुमाल बांधायला तयार नाही.

१५५४ च्या उन्हाळ्यात अँटवर्पहून मेल्खिओर नावाचा चित्रकार आला आणि देवळामागच्या बांधावर बसून गावाचं चित्र काढू लागला. त्याची शाई संपली, तेव्हा लेइस्केन बुधला घेऊन गेली. मीही गेले. आपल्या शाईचं पुढं काय होतं, हे तिनं तोवर पाहिलंच नव्हतं.

कागदावर आमची घरं होती, पवनचक्की होती. मागं मात्र भलामोठा डोंगर.

“अहो मास्तर, हा कुठून आणलात? इथं बेडकाला चढायला उंचवटा नाही!”

“गिऱ्हाइकाला डोंगर लागतो, बाई. नुसतं सपाट कोण घेणार?”

“म्हणजे नसलेलंही काढता येतं?”

“येतं की.”

तिनं कागदावरच्या आपल्या घरावर बोट ठेवलं. “मग माझ्या दारात माझा नवरा काढा.”

मेल्खिओर हसला नाही. “कसा होता?”

“उंच. डावा खांदा पडलेला. सरळ कधी उभा राहायचा नाही मेला, चौकटीला टेकायचा.”

त्यानं पाचसहा रेघा ओढल्या. नखाएवढा माणूस. ओली शाई फिकट होती. वाळता वाळता काळी होत गेली. लेइस्केन वाकून बघत राहिली.

“हाच,” ती म्हणाली.

मेल्खिओर चित्र तिलाच देऊ लागला.

“नको. छप्पर गळतं, वर चुलीचा धूर. महिन्यात वाटोळं होईल. तुमच्याकडंच राहू दे.”

पाद्रीबुवांच्या कानावर गेलं, ते तणतणत आले. “मेलेल्याला दारात उभं करतेस? त्यापेक्षा त्याच्यासाठी प्रार्थना म्हणवून घे!”

“म्हणा, फादर. तो गेला असं तीन वर्षं तुम्ही सांगत होतात, आता मला पटलं.”

त्या रविवारी योसच्या नावानं घंटा वाजली. चित्र पुढं कुणा व्यापाऱ्यानं नेलं म्हणतात.

पुढल्या वसंतात वाउटर मासेवाल्यानं तिला मागणी घातली.

“माझे हात कोपरापर्यंत काळे असतात,” ती म्हणाली.

“माझ्या हातांना बामाशांचा वास येतो,” तो म्हणाला.

लग्नाला मी वाटाण्याचं सूप केलं होतं. जरा खारट झालं.