अकरा चाली आणि कापसाची खोली

कापूस, कापड आणि सुईदोरा यांपलीकडची कोणतीही खरेदी गादीवाल्यांनी उभ्या आयुष्यात स्वतःच्या बुद्धीने केली नव्हती. पण त्या आठवड्यात त्यांना घरी ध्वनिमुद्रण करण्याची सामग्री निवडायची होती, आणि निवड चुकून चालणार नव्हते. त्यांच्या थोरल्या बहिणीने, अक्कांनी, चाळीस वर्षे शाळेत गाणे शिकविले होते. मुलांसाठी त्यांनी बांधलेल्या अकरा चाली त्यांच्या कंठाखेरीज अन्यत्र कुठेही नव्हत्या, आणि त्याच कंठातील गाठीवर नऊ दिवसांनी शस्त्रक्रिया व्हायची होती. गाठ जाईल, पण आवाज पूर्ववत राहील याची हमी नाही, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले होते.

अक्कांना त्याचे फारसे सोयरसुतक नव्हते. शिकलेली मुले चाली विसरून संसाराला लागली, आता कोणासाठी हा खटाटोप, असे त्यांचे म्हणणे. धाकट्या भावाने मात्र कंबर कसली.

दुकानातला विक्रेता जिभेवर साखर ठेवून बोलणारा. त्याने बारा गायकांना पुरेल असे यंत्र आणि माणसाच्या उंचीचे स्पीकर पुढे मांडले. गाणारी एकटी, तिला बारा जणांचे बिऱ्हाड कशाला, असे गादीवाल्यांनी शांतपणे विचारताच तो वरमला. शेवटी दोन मायक्रोफोन उरले. एक दणकट, तोंडाजवळचे तेवढेच ऐकणारा. दुसरा हळवा, श्वासाचे आंदोलनही टिपणारा, परंतु रस्त्यावरचा हॉर्नही न सोडणारा. घरासाठी पहिलाच बरा, असे विक्रेत्याचे मत पडले.

“आम्ही गादी भरतो ती पाठ बघून, खोली बघून नाही,” गादीवाले म्हणाले. “अक्काचा आवाज आता बारीक झालाय. हळवाच द्या. खोलीचं मी बघतो.”

त्यासोबत त्यांनी मायक्रोफोन संगणकाला जोडायची लहानशी पेटी, कान पूर्ण झाकणारे हेडफोन आणि एक वजनदार स्टँड घेतला. ‘प’ आणि ‘फ’चा फुत्कार अडविणारी जाळी मात्र घेतली नाही, लाकडी कड्यावर जुनी मलमल ताणून ती घरीच केली.

पुढे जे घडले ते गादीवाल्याच्याच हातून घडावे असे. त्यांनी दोन दिवस खपून चारही भिंतींना गाद्या लावल्या, खिडकीत उशा कोंबल्या, जमिनीवर दुहेरी अंथरले. रस्ता निःशब्द झाला. अक्का गायल्या, हेडफोन लावून त्यांनी स्वतःला ऐकले आणि ते काढून ठेवले.

“अरे, ही मी नव्हे. गोणपाटात तोंड खुपसून कुणीतरी माझी नक्कल केलीय. असलंच ठेवायचं असेल तर काही न ठेवलेलं बरं.”

शस्त्रक्रियेला पाच दिवस उरले होते. विक्रेत्याला फोन केला, तर त्याने याहून भारी मायक्रोफोन सुचविला. गादीवाल्यांचे मन क्षणभर डळमळले. मग सवयीने त्यांनी भिंतीवरच्या गादीवर तळवा दाबला. हात आत गेला आणि तिथेच थांबला. परत उचलून देणारे काही नव्हते. अंग नुसते रुतवून घेणाऱ्या गादीवर झोप येत नाही, पाठीला टेकू लागतो, हे ते आयुष्यभर गिऱ्हाइकांना सांगत आले होते. नादालाही टेकायला काही हवे, हे त्यांना त्या क्षणी उमगले. हळव्या मायक्रोफोनचा दोष नव्हता. कापसाचा अतिरेक झाला होता.

त्यांनी जमीन मोकळी केली. अक्कांच्या समोरची भिंत उघडी केली. रस्त्याकडच्या भिंतीवरच्या गाद्या आणि खिडकीतल्या उशा तेवढ्या तशाच ठेवल्या. अक्कांनी नुसता षड्ज लावला आणि त्या थबकल्या. समोरची भिंत त्यांना हलकेच साथ देत होती.

तिसऱ्या दिवसाअखेर नऊ चाली झाल्या. चौथ्या दिवशी दहावी गाऊन झाल्यावर गादीवाल्यांनी समाधानाने मान डोलावली. इतके दिवस ‘कोणासाठी’ म्हणून विचारणाऱ्या अक्का हेडफोन कानाशी धरून भुवया आवळून ऐकत होत्या.

“तिसऱ्या ओळीत श्वास चुकलाय,” त्या म्हणाल्या. “शिकणारी मुलं तोच उचलतील. पुन्हा घे.”

गादीवाल्यांनी मलमलीची जाळी सरळ केली आणि कळ दाबली.